सूर्यभान हवालदारानं दिलेला शब्द

श्रीगोंद्याच्या पश्चिमेला, घोड नदीच्या अलीकडे, शेरीची वाडी म्हणून चाळीसेक उंबऱ्यांचं गाव होतं. तिथं सूर्यभान दरेकराला नावानं हाक मारणारी एकटी त्याची थोरली बहीण. ती वारली आणि मग तो सगळ्यांचाच हवालदार झाला. पहिल्या जर्मन लढाईत तो बसऱ्याला गेला होता. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिकडच्या वाळूत ठेवून परत आला आणि उरलेल्या तीन बोटांनी नांगर धरून त्यानं संसार केला. बोलायला तुटक होता, पण बोललेलं मोडायचा नाही. कुणाच्या सोयरिकीत, कुणाच्या बांधाच्या भांडणात हवालदार मध्ये पडला की लोक म्हणत, "झालं, आता मिटलं."

दुसऱ्या लढाईत भरतीची मंडळी गावोगाव फिरू लागली, तेव्हा ती आधी त्याच्याच ओसरीवर टेकली. मोटार चालवणाऱ्यांची कंपनी उभी राहत होती. नगरच्या छावणीत शिक्षण, मग हुकूम येईल तिकडं रवानगी. हवालदाराला ते पटलं. "मोटार शिकली तर लढाई संपल्यावर पोरांच्या हातात कसब ऱ्हाईल," असं तो चावडीत म्हणाला, आणि नदीकाठच्या चार वाड्यांतली नऊ पोरं त्याच्या एका बोलण्यावर गेली. पहिलं नाव त्यानं स्वतःच्या राधाकृष्णाचं दिलं. दुसरं नाव श्रीमंतचं. श्रीमंत लंकाबाईचा एकुलता एक मुलगा. लंकाबाई लवकर विधवा झालेली. आठ एकर कोरडवाहू रान ती पोराच्या जोरावर कसत होती. पोर निघालं त्या दिवशी ती हवालदाराला एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर धाडते."

१९४३ च्या चैत्रात हवालदार खळ्यावर ज्वारी उफणत होता. तेवढ्यात धुरळा उडवत एक फौजी ट्रक वाडीत शिरला आणि खळ्याच्या तोंडाशी थांबला. आतून सुभेदार आप्पासाहेब उतरला. तो पारनेरकडचा, पोरांच्या कंपनीचाच सुभेदार. भरतीच्या वेळी ओळख झालेली. चांगुणा, हवालदाराची बायको, पाटी तशीच हातात धरून उभी राहिली. फौजी माणूस दारात आला म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"पोरगं बरं हाय," सुभेदार आधी तिच्याकडं बघून म्हणाला. मग हवालदाराकडं वळला. "पन तुमाला आत्ताच्या आत्ता चलायचंय. पोरांनी बैठक मारलीय."

ट्रकमध्ये त्यानं सगळं सांगितलं. कंपनीला दोन दिवसांत मुंबईच्या बंदरावर निघायचं होतं. तिथून बोटीनं कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं. समुद्रापार जाण्याआधी प्रत्येकाला चार दिवस घरी सोडू, असं महिनाभर सांगितलं जात होतं. मग एकाएकी रजा बंद झाल्या. नगरच्याच किल्ल्यात देशाचे पुढारी कैदेत होते, चळवळीचं वारं गेल्या वर्षापासून शांत झालं नव्हतं. गावी सोडलेले शिपाई परत येतील याचा साहेबलोकांना भरवसा वाटेना. पोरांनी तेही गिळलं असतं. पण राहुरीकडच्या भीमा नावाच्या शिपायाचा बाप वारला होता. त्याची तार आली, ती ऑफिसातल्या खणात नऊ दिवस पडून राहिली. दहाव्या दिवशी एका कारकुनाला राहवलं नाही. भीमाला कळलं तेव्हा बापाचा दहावा होता.

"काल सकाळच्या परेडला एकेचाळीस जनांनी बंदुका खाली ठेवल्या, कंबरपट्टे सोडले आन् बसले," सुभेदार म्हणाला. "रजा द्या, न्हाईतर गाडीत बसनार न्हाई. कालपासून पानी घेतलंय, भाकर न्हाई. कर्नलसाहेब त्याला बंड म्हनतोय. हवालदार, लढाईच्या काळात बंडाला काय असतं ते तुमी जानता."

हवालदार जाणत होता. 

छावणीत पोहोचले तेव्हा अडीच वाजले होते. परेडचं मैदान तव्यासारखं तापलेलं. मधोमध पोरं बसलेली, चार रांगांत, मांडी घालून. त्यांच्यापुढं बंदुका एका ओळीत, अशा सरळ की दोरी लावून मांडाव्यात. हवालदाराच्या मनात नको त्या वेळी आलं की पोरं शिकली आहेत चांगली. मैदानाच्या तीन बाजूंना गोरे शिपाई बंदुका घेऊन उभे होते. चौथ्या बाजूला वाळूच्या पोत्यांवर मशीनगन, आणि तिच्या मागं माणूस पालथा पडलेला.

कर्नल खोलीबाहेर आला नाही. बोलणी करायला एक कॅप्टन आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, उन्हानं नाकाची सालं निघालेली. त्याला मोडकंतोडकं हिंदुस्थानी येत होतं. चार वाजेपर्यंत मुदत आहे, त्यानंतर कर्नलसाहेबांच्या हातात आहे, असं तो म्हणाला. हे लोक तुम्हाला मानतात, तुम्ही सांगा, म्हणाला.

"साहब, लडके उठ गये तो सजा क्या?" हवालदारानं विचारलं.

कॅप्टननं कर्नलच्या खिडकीकडं पाहिलं. मग खाली जमिनीकडं.

"हम पूरा कोशिश करेगा, हवालदार. पूरा कोशिश."

"वचन, साहब?"

 कॅप्टननं नुसता हात पुढं केला. हवालदारानं आपला तीन बोटांचा हात त्यात दिला. गोऱ्याच्या तळव्याला घाम फुटलेला त्याला जाणवला. हे पोर खोटं बोलत नाही, हे त्याला कळलं. आणि खरंही काही सांगत नाही, हेही कळलं.

तो एकटा मैदानात चालत गेला. राधाकृष्ण पहिल्याच रांगेत होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. बापाला पाहून तो उठायला झाला आणि पुन्हा बसला.

"आबा, तुमाला कशाला आनलं यांनी?"

"उठा, बाबांनो," हवालदार म्हणाला. "झालं तेवढं लई झालं."

"आमी कुनाला मारलं न्हाई, आबा. कुनाला शिवी दिली न्हाई. हा भीमा बघा." त्यानं शेजारच्या पोराकडं बोट केलं. त्या पोरानं डोकं भादरलं होतं. छावणीच्या न्हाव्याकडूनच, बापाच्या सुतकाचं. "याच्या बापाला याचं पानी न्हाई मिळालं. उद्या आमी बुडलो तिकडं, तर आमच्या आयांना तरी कोन कळवनार? तार खनातच ऱ्हाईल."

 हवालदाराच्या मनात पोरांचंच बरोबर होतं. पण पोत्यांमागच्या माणसानं कूस बदललेली त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली. बसऱ्याला त्यानं मशीनगन चालताना पाहिली होती. माणसं कशी पडतात, ते एकेचाळिसांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

"तुमी म्हनत असाल तर उठतो," राधाकृष्ण म्हणाला.

रांगेत कुजबुज झाली. वाडीची, नदीकाठची पोरं मागं वळून एकमेकांकडं पाहू लागली. गावातली सगळी पोरं हवालदाराला आबाच म्हणत. पण तिसऱ्या रांगेतून श्रीमंतचा आवाज आला. आईसारखाच तो, पक्कं विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा.

"आबा, साहेबानं काय सांगितलं ते जसंच्या तसं सांगा. उठलो तर शिक्षा हाय का न्हाई?"

चाराला वीस मिनिटं होती.

"न्हाई," सूर्यभान हवालदार म्हणाला. "शिक्षा न्हाई. साहेबानं हात दिलाय माझ्या हातात. मी शब्द देतो."

मग ते उठले. पाय आखडलेले होते, एकमेकांना धरून उठले. श्रीमंत सगळ्यात शेवटी उठला. त्यानं गणवेशाची धूळ झटकली, आपली बंदूक उचलली आणि हवालदाराला कडक सलाम ठोकला. तो सलाम हवालदाराला पुढं कित्येक दिवस झोपू देईना.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं तो बेलवंडी स्टेशनावर उतरून घरी आला. चांगुणाला म्हणाला, "मिटलं." ती हसली, आणि त्याच्याकडं नीट पाहून चुलीकडं वळली.

तीन आठवड्यांनी सुभेदार आप्पासाहेब पुन्हा आला. या खेपेला ट्रक नव्हता. स्टेशनापासून पायी आला होता, अंगावर साधं धोतर आणि कोपरी. पाणी प्यायला आणि मान खाली घालून सांगू लागला. पोरं उठली त्या दिवशी रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच बराकीला वेढा पडला. कोर्टमार्शल झालं. त्यात कॅप्टन पोरांच्या बाजूनं बोलला, ऑफिसानं तार दाबली हेही त्यानं लपवलं नाही; आठ दिवसांत त्याची ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर बदली झाली. तीस जणांना निरनिराळ्या पलटणींत वाटून टाकलं. उरलेले अकरा म्होरके ठरले. त्यांतल्या दहांना तीन वर्षं, पाच वर्षं. सगळ्यात शेवटी उठला म्हणून श्रीमंतला सात वर्षं सक्तमजुरी.

"आन् राधाकिसन?" चांगुणानं दारातून विचारलं.

"त्याचं नाव यादीत नव्हतं, वहिनी. कर्नलसाहेबानं काढलं हुतं. हवालदाराची सरकारला मदत झाली म्हनून." सुभेदार थांबला. "पन पोरगं साक्षीला उभं केलं, तर कोर्टात म्हनालं, पहिल्या रांगेत मी हुतो, हे सगळे माझ्या मागं बसले हुते. तीन वरसं त्यालाबी."

हवालदारानं डोळे मिटले. सुभेदारानं कोपरीच्या खिशातून शिक्का मारलेला लिफाफा काढला. शाबासकीचा कागद आहे, म्हणाला. हवालदारानं हात पुढं केला नाही. जरा वेळानं सुभेदारानं तो पुन्हा खिशात घातला.

तो गेल्यावर चांगुणा म्हणाली, "बाकीच्यांच्या घरी कोन सांगनार?"

"मीच."

अकरांपैकी चौघं त्याच्या नऊ पोरांतले होते. एक त्याचं स्वतःचं. दोन घरं नदीपलीकडच्या वाडीत, तिथं तो आधी गेला. एका घरी म्हाताऱ्यानं त्याला बसायला घोंगडी टाकली आणि दोघं गुमान बसून राहिले. दुसऱ्या घरी पोराच्या चुलत्यानं त्याला अंगणातूनच परत लावला. जे बोलला ते गावानं ऐकलं. हवालदार ऐकून घेऊन निघाला. शेवटी लंकाबाईच्या दारात आला. ती शेण्या थापत होती. हात तसेच ठेवून तिनं सगळं ऐकलं. सात वर्षं हा आकडा ऐकूनही ती रडली नाही.

"साहेबानं दगा दिला म्हना की," ती म्हणाली.

इथं थांबता आलं असतं. वाडीतल्या सगळ्यांनी तेच धरलं होतं, चांगुणानंसुद्धा. हवालदार उकिडवा बसला.

"साहेबानं शब्द दिलाच नव्हता, लंकाबाई. साहेब म्हनला, कोशिश करीन. पोरांना शब्द म्हनून मी सांगितलं."

"मंग तुमी खोटं बोललात."

"व्हय."

"कशापायी?"

"मशीनगन लावली हुती. चाराची मुदत हुती."

तिनं शेणानं भरलेले हात मांडीवर टेकले. "घातल्या असत्या त्यांनी गोळ्या? खरंच?"

"मला ठाव न्हाई," हवालदार म्हणाला. "दिसरात तेच इचारतो सोताला. ठाव न्हाई."

 ती उठली, रांजणातल्या पाण्यानं हात धुतले. "हे मला सांगून काय व्हनार? शिरमंताला सांगा. त्याच्या तोंडावर. मी येते संगं."

परवानगी मिळायला दिवाळी उजाडली. दौंडवरून गाडी बदलून दोघं पुण्याला गेली. लंकाबाई डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. येरवड्याच्या तुरुंगात जाळीच्या पलीकडं श्रीमंत आला तेव्हा आधी मायलेकरांना बोलू द्यावं म्हणून हवालदार मागं थांबला. गाय व्याली का, विहिरीला पाणी किती, असं ती दोघं बोलली. मग लंकाबाई बाजूला सरली आणि म्हणाली, "आबाला काय सांगायचंय ते ऐक."

हवालदारानं सांगितलं. कॅप्टनचे शब्द सांगितले, आपले शब्द सांगितले, मधे काही घातलं नाही, काही वगळलं नाही.

श्रीमंतचे हात जाळीवर होते. ते त्यानं काढून घेतले.

"खरं सांगितलं असतं तर मी उठलो नसतो," तो म्हणाला. "बाकीचे उठले असते. मी एकटा बसलो असतो."

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

"आबा, ते ठरवायचं माझं हुतं."

"व्हय," हवालदार म्हणाला. "तुझंच हुतं."

भेटीची वेळ संपली नव्हती, पण श्रीमंत आईला हात जोडून आत निघून गेला. राधाकृष्णालाही त्याच दिवशी भेटायचं होतं. तो बापाशी नेहमीसारखा बोलला. आईला पाय दुखायचा त्रास आहे तर एरंडेल लावायला सांगा, म्हणाला. त्यानं काही विचारलं नाही, आणि त्याच्याशी तो विषय काढायचं बळ हवालदारात उरलं नव्हतं.

परत आल्यावर हवालदारानं लंकाबाईच्या रानात औत घातलं. तिला विचारलं नाही, तिनं नको म्हटलं नाही. आधी तिचं रान, मग आपलं. तीन वर्षं बाजरी, ज्वारी, हरभरा, सगळं त्यानं केलं. पीक खळ्यावर आलं की धान्याला हात न लावता निघून जाई. लंकाबाई बांधावर पाण्याची घागर ठेवायची. त्यापलीकडं दोघांत बोलणं नसे.

चव्वेचाळीस साली भरतीची मंडळी पुन्हा आली. या वेळी त्याच्या ओसरीवर कुणी आलं नाही, पण तो आपणहून चावडीत गेला. अंमलदाराच्या हातातला छापील कागद शाळामास्तराकडून त्यानं ओळ न् ओळ मराठीत वाचून घेतला, पोरांसमोर. जिथं रजेचं लिहिलं होतं तिथं मास्तराला थांबवलं. "पुन्यांदा वाचा," म्हणाला. पुन्हा वाचलं. मग पोरांना म्हणाला, "एवढंच लिवलंय. याच्यापल्याड कुनी काय सांगितलं तर ते लिवलेलं न्हाई." बाकी जा की राहा, यावर अवाक्षर काढलं नाही. त्या वर्षी वाडीतून दोघं गेली, बाकीची राहिली. अंमलदारानं वर कळवीन असा दम भरला. हवालदार म्हणाला, "कळवा."

शेचाळीस सालच्या सुरुवातीला राधाकृष्ण सुटून आला. थोड्याच दिवसांत मुंबईच्या बंदरात नाविकांनी बंड केल्याची बातमी आली आणि गावची हवाच फिरली. तीन वर्षं ज्यांच्या घरांकडं लोक बघायचं टाळत होते, त्यांच्या दारात आता माणसं येऊन बसू लागली. लढाई संपली होती. शिक्षा कमी झाल्या. वैशाखात श्रीमंतही सुटला. त्याला वेशीवरून वाजतगाजत आणलं, मास्तरानं भाषण केलं, हार घातले. हवालदार गर्दीच्या कडेला उभा होता. श्रीमंतनं त्याला पाहिलं, आणि नजर वळवली.

त्याच आठवड्यात चांगुणानं मुलाला एकटं गाठून विचारलं, "तुला राग न्हाई का रे बापाचा?"

राधाकृष्ण बैलाच्या खुराला नाल ठोकवून नुकताच आला होता. जरा विचार करून म्हणाला, "आबानं उठ म्हनलं, मी उठलो. शब्द साहेबाचा का आबाचा, हे मी कुटं इचारलं हुतं? शिरमंतानं इचारलं. त्याची गोष्ट येगळी हाय."

भिंतीपलीकडं हवालदार दोर वळत होता. त्यानं ते ऐकलं. त्याला बरं वाटलं का, हे सांगता येत नाही. मुलगा चुकला नव्हता. पण श्रीमंतची गोष्ट वेगळी होती, हेही खरंच होतं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला हवालदार नेहमीसारखा लंकाबाईच्या रानात कुळव चालवत होता. श्रीमंत बांधावरून खाली आला. तुरुंगात दगड फोडून त्याचे खांदे रुंद झाले होते आणि डावा डोळा खडीचा कण लागून अधू झाला होता. तो बैलांपुढं उभा राहिला.

"आई म्हनली, तीन वरसं तुमीच केलं."

"व्हय."

"आता मी हाय."

हवालदारानं कासरा त्याच्या हातात दिला. पटक्यानं तोंड पुसलं आणि बांधाकडं निघाला. दहा-बारा पावलं गेला असेल, मागून आवाज आला.

"बी सोडायला मानूस लागंल. परवा पेरायचंय. आईच्यानं वाकवत न्हाई आता."

हवालदार वळला. श्रीमंत त्याच्याकडं बघत नव्हता; जू नीट करत होता.

"बघतो," हवालदार म्हणाला. त्या मैदानानंतर तो कुणालाच 'येतो' म्हणत नसे. 'बघतो', 'जमलं तर', असंच म्हणायचा, आणि गावाला त्याचं नवल वाटायचं.

परवाच्या दिवशी उजाडायच्या आत तो रानात होता. श्रीमंतनं पाभर धरली, हवालदारानं चाड्यावर मूठ धरून बी सोडलं. उलट्या-सुलट्या ओळींनी दुपारपर्यंत वरचा तुकडा पेरून झाला. लंकाबाईनं भाकरी आणली. दोघं एकाच लिंबाखाली जेवले, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

पुढं श्रीमंतनं रान नीट सावरलं. लग्न केलं. हवालदाराशी तो कामापुरतं बोलायचा. बैलाचं, पाण्याचं, बियाण्याचं. त्याला आबा म्हणायचा नाही, हवालदारच म्हणायचा. पण दरसाल पेरणीला माणूस लागला की निरोप त्याच्याकडंच यायचा, आणि तो जायचा.